खुंटबाची हद्द

"डोकी पण टाक त्यातच," बाप्तिस्त म्हणाला.

"टाकतंय. वर चार बांगडे पण होये असतले?" तुळसाने सुरमईवरून सुरी काढली नाही. मालवणच्या बाजारात तिच्या तराजूला टेकून मोबाइल उभा होता आणि त्यातून एका मुलीचा आवाज येत होता.

"...सगळे सरदार राक्षसाशी लढायला गेले. खुंटबा मात्र हद्दीवरच बसून राहिला. राणी जगो की मरो, त्याला एकच काळजी. कोणी बघत नाही असं दिसलं की तो हद्दीचा दगड उचलायचा आणि वीतभर पुढे ठेवायचा."

शेजारच्या कोळणी खदाखदा हसल्या.

"तुमच्याच वाडीतला चेडू सांगता ह्यां, अंकल," तुळसा म्हणाली. "त्या खुंटबाक वळखतास काय तुमी?"

पुन्हा हशा. बाप्तिस्तने पिशवी उचलली आणि तो चालू लागला. डोकी तिथेच राहिली. फुकटची वस्तू त्याने अशी आजवर कधी टाकली नव्हती.

आवाज रिशेलचा होता. बाप्तिस्तचा चुलतभाऊ कॉनरॅड, त्याची मुलगी. दोन्ही घरांच्या मधे चिऱ्यांचा गडगा, हद्दीची रचलेली भिंत. दर पावसात तो कुठेतरी ढासळायचा आणि पाऊस सरला की बाप्तिस्त तो पुन्हा रचायचा, दर खेपेला वीतभर पलीकडे. पलीकडे कॉनरॅडच्या घराची वाट होती. आधी त्या वाटेवरून बैलगाडी जायची बंद झाली, मग रिक्षा, मग डोक्यावर भारा घेतलेली बाई. याला चोरी म्हणावं तर गेलं काय? वीतभर माती. वीतभर मातीसाठी कोणी पोलिसात जात नाही, आणि असल्या माणसांना हे पक्कं ठाऊक असतं. गावालाही ठाऊक असतं. गाव हसतं आणि पुढे जातं.

गेल्या वर्षी कॉनरॅडच्या छातीत कळ आली. रिक्षा मोठ्या रस्त्यावर उभी. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघे त्याला आणत होते, तेव्हा गडगा आणि फणसाच्या मधे खुर्ची अडकली. मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा अडकली. बाप्तिस्त खिडकीतून बघत होता. हॉस्पिटलच्या वाटेवर, कसालच्या अलीकडेच कॉनरॅड गेला.

आता त्याची बायको सेवरीना विहिरीवर पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी तिला घरी आणायचं होतं. पुन्हा खुर्चीतूनच.

बाप्तिस्त त्यांच्या घरी आला तेव्हा रिशेल डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाइलमध्ये बोलत होती. कावळ्यांचा आवाज येऊ नये म्हणून ती गोष्ट अशीच रेकॉर्ड करायची. गोधडीतून घामेजलेलं तोंड बाहेर आलं.

"गो, तो खुंटबा मीच मां?"

"तुमका काय वाटता?"

"बाजारात लोक हसतत माका."

"हसूंदेत. मी हसण्यावारीच ठेवलंय, अंकल. खुर्ची अजून घालूक नाय गोष्टीत."

बाप्तिस्तने मान खाली घातली. पण खोड जाते कुठे? तो म्हणाला, "शेवटचो भाग आयतवारी मां? त्येका बरो कर. राणीक वाट करून देवंदे, नायतर राक्षसाच्या तोंडात जावंदे तिच्यासाठी. लोकांका आवडता तसला."

"आणि?"

"आणि मी गडगो काढतंय. सेवरीना दारापर्यंत रिक्षातसून येतली. तू तुझां कर, मी माझां करतंय."

रिशेलने गोधडी बाजूला टाकली. "सौदो? आमचीच वाट आमकाच इकतास?"

"तसा न्हय गो..."

"तसाच. जल्मभर लुबाडूचां, शेवटाक एकदा बरां वागूचां, की लोक रडतत आणि झालो देव. माका त्येचोच राग येता. खुंटबा आसा तसोच रवतलो. जावा तुमी."

"शिरा पडो तुझ्या गोष्टीर!" तो ओरडला आणि निघाला. घरी येऊन भाताच्या ताटावर बसला. खिडकीतून गडगा दिसत होता. आजवर तो बघून त्याला बरंच वाटायचं. त्या दिवशी त्याने खिडकी लावून घेतली.

शुक्रवारी सकाळी तो पहार घेऊन बाहेर आला. गोष्टीचं काय केलंस, हे विचारायला गेला नाही. गडगा मूळ जागी न्यायचा, एवढंच त्याने ठरवलं होतं. वरचे चिरे उतरवले, आणि मग तो थांबला.

मूळ जागा कुठली?

त्याने इकडे खणलं, तिकडे खणलं. जुना पाया कुठेच लागेना. लागणार कसा? दर वर्षी तळाचे चिरेसुद्धा त्यानेच उपटून पुढे नेले होते.

"गो रिशेल!" त्याने हाक मारली. "असली हद्द खंय होती गो?"

रिशेल पडवीत आली. "माका काय म्हायत? माझ्या जल्मापासून तुमी सरकवतास."

"कॉनरॅडाक म्हायत होती."

"होय. पपाक म्हायत होती," ती म्हणाली आणि आत गेली.

बाप्तिस्त पहारीवर भार देऊन बराच वेळ उभा राहिला. आपल्या बापाची जमीन कुठे संपते, हे आता त्यालाही सांगता येणार नव्हतं. मग त्याने हातांवर थुंकी घेतली आणि सगळाच गडगा काढायला घेतला. बोटं सोलली, कंबर मोडली. संध्याकाळी दोन घरांच्या मधे नुसती तांबडी माती उरली होती.

शनिवारी अजयची रिक्षा वाडीत शिरली आणि सरळ आत आली. सेवरीना आडवा पाय धरून कडेला बसली होती, शेजारी रिशेल.

"आत वळवूक जागा खंय?" अजयने विचारलं.

"माझ्या खळ्यात वळव."

"सुपारी वाळत घातलास मां थंयसर?"

"असूंदे. घाल वरसून."

चाकांखाली सुपाऱ्या कडकड फुटल्या. रिक्षा वळून त्याच्यासमोरून कॉनरॅडच्या घराकडे निघाली. जिथे गडगा होता त्या मातीकडे सेवरीनाने बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या तोंडावर काही हललं नाही. तिने मान फिरवली आणि रिशेलचा हात घट्ट धरला.

बाप्तिस्तने डोक्यावरची टोपी काढली. मयत पुढून जाताना काढतात तशी.

"काय ओ अंकल," अजय हसला, "कोण मेलां काय?"

कॉनरॅडची खुर्ची अडकली होती त्या फणसाजवळून रिक्षा पुढे गेली. दारापर्यंत जाऊन ती थांबली, अजय आणि रिशेल मिळून सेवरीनाला उतरवेपर्यंत बाप्तिस्त तसाच, उन्हात, उघड्या डोक्याने उभा होता.