न गेलेला घोडा

हसू नका, पण मी घोडा आहे. वीतभर उंचीचा, मातीचा, तोही कच्च्या मातीचा. भट्टी कशी असते ते मला ठाऊक नाही. सध्या एका कॉलेजच्या काचेच्या कपाटात उभा आहे. तुम्ही समोर थांबलाच आहात तर माझं ऐकून घ्या. इथे येणारे बहुतेक जण या काचेत पाहून केस सारखे करतात आणि पुढे जातात.

माझा जन्म साकोलीकडच्या एकोडीचा. सखाबाईने मला तलावाच्या काळ्या चिखलातून घडवलं. तिचं घर तलावात जाळं टाकून जगणारं. हात मासे साफ करायला सरावलेले, घोडे करायला नाही. त्यामुळे माझं तोंड थोडं बकरीवर गेलंय. त्याचं मला वाईट वाटत नाही. तिने मला हौसेने केलंच नव्हतं. तिचा एकुलता एक मोतीलाल हैदराबादकडे बिल्डिंगच्या कामावर गेला होता. आधी त्याचा फोन यायचा. मग फोन बंद लागू लागला, आणि दोन वर्षं झाली तरी बंदच होता.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली त्यांचा देव आहे, शेंदूर फासलेला दगड. त्याला घोडा वाहायचा आणि सोडून द्यायचा. भाजायचा नाही, झाकायचा नाही, हलवायचा तर मुळीच नाही. ऊन, दव, पाऊस खाऊन घोडा हळूहळू मातीला मिळतो. मिळाला की सखाबाईच्या घरचे म्हणतात, "घोडा गेला." म्हणजे देव त्याच्यावर बसून कामाला निघाला.

"देवा, ह्याच्यावर बसून जाय अन् माह्या मोत्याले घेऊन ये," सखाबाई म्हणाली. मला दगडापुढे ठेवलं आणि मागे न पाहता घरी गेली. मी विरघळायची वाट पाहू लागलो.

तेवढ्यात रुचिता आली. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारी, वडील कारखान्यात नोकरीला. ती पीएच.डी. करत होती. गावदेवांचे नवस आणि ख्रिस्ती लोकांचे नवस यांची तुलना हा तिचा विषय. पोरगी मनाची चांगली, हे मी आजही म्हणतो. तिने माझे फोटो काढले, वहीत काहीबाही लिहिलं. विचारायला आसपास कोणी दिसेना. "पावसात वाया जाईल बिचारा," असं म्हणून तिने मला ओढणीत गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. वाया! अहो, मी त्यासाठीच तर जन्माला आलो होतो.

घरी तिच्या आजीने, मंगलाबाईने, मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आपन छप्पन साली सारे देव सोडले, अन् तू पिशवीत घालून घरी आनून राहिली काय?"

"आजी, अभ्यासासाठी आनला."

"अभ्यासाचा हाय त टेबलावर ठेव. बुद्धाच्या फोटोजवळ नोको ठेवू."

टेबलावर इंग्रजी पुस्तकांची चळत होती. त्यांत माझ्या जातकुळीला, म्हणजे गावोगावचे जुने देव मानणाऱ्यांना, 'पेगन' म्हणतात, असं कळलं. रुचिताच्या वहीत पानाच्या मधोमध रेघ होती. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला चर्च. ती नागपूरच्या चर्चमध्ये कित्येक रविवार मागच्या बाकावर बसून आली होती, तिथे मेणबत्त्या लावणाऱ्या आयाबायांशी बोलली होती. माझ्यासमोर तिने मेणबत्ती मांडली आणि लिहिलं, 'ख्रिस्ती भाविकाने वाहिलेली वस्तू जळून संपते. पेगन भाविकाची टिकून राहते.' मग माझ्याकडे समाधानाने पाहिलं. मी टिकलो होतो, कारण तिने मला उचलून आणलं होतं! वर तडे जाऊ नयेत म्हणून वॉर्निशचा हातही फिरवला होता. मला ओरडावंसं वाटलं, पण बकरीच्या तोंडाच्या घोड्याचं कोण ऐकतं?

महिन्याभराने ती मुलाखती घ्यायला पुन्हा एकोडीला गेली. परत आल्यावर तिने फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. त्यातून सखाबाईचा आवाज आला. किती हरखलेला!

"तुले सांगतो पोरी, असा कोनाचाच घोडा गेला नाई. लोकायचे पावसात जातेत. माहा भर उन्हाळ्यात गेला! सकाळी जाऊन पाह्यलं त जागा रिकामी. चुरा बी नाई. देवाले घाई झाली वाटते. आता मोत्या निघाला असन."

 त्यावर रुचिताचा आवाज आला, "हो मावशी." एवढंच.

तरी अभ्यासाचं डोकं गप्प बसत नाही. तिने वहीत लिहिलं, 'रिकामी जागा, रिकामी कबर.' येशूच्या कबरीपाशी सकाळी गेलेल्या बायकांना तोंडावरचा दगड सरकलेला आणि कबर रिकामी दिसली, तशी सखाबाईला जागा. तिच्या सरांनी समासात 'उत्तम' असा शेरा मारला. रुचिता त्या शेऱ्याकडे पाहत राहिली आणि तिने अख्खं पान खोडलं. तिथला दगड कोणी सरकवला ते तिला सांगता येत नव्हतं. इथला घोडा कोणी उचलला ते तिला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी तिने मला एकोडीला नेलं. सखाबाईचं घर ताजं सारवलेलं होतं. मोतीलालसाठी नवी बाज विणून ठेवली होती. तिच्यावर मला ठेवून रुचिता म्हणाली, "मावशी, हा तुमचा घोडा. मीच नेला होता. मले माफ करा."

सखाबाईने मला उचललं. तिचा अंगठा माझ्या पाठीवरून, मानेवरून फिरला. स्वतः मळलेली भाकर हाताला कळते, तसा मी तिला कळलो. वाटलं, आता रडेल, शिव्या देईल, मला आपटेल. मी तयार होतो.

"हा माहा नोहे," ती म्हणाली.

"मावशी, खरंच..."

"माहा गेला, पोरी. हा दुसऱ्या कोनाचा असन. ने ह्याले. अन् गावात कोनाले दाखवू नोको."

असं म्हणूनही तिने मला लगेच खाली ठेवलं नाही. परक्याची वस्तू कोणी इतका वेळ धरून ठेवत नाही. मला फार वाईट वाटलं. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी.

रुचिताने प्रबंधातलं वाक्य बदललं. आता तिथे लिहिलंय की मेणबत्ती आणि घोडा, दोन्ही संपण्यासाठीच वाहिलेले असतात. मला तिने इथे दिलं. खालची चिठ्ठीही तिच्याच अक्षरातली आहे, 'नवसाचा घोडा. एकोडी. मालक अज्ञात.' दर रविवारी ती सखाबाईला फोन करते आणि सोमवारी इथे येऊन मला हळूच सांगते. सखाबाईचं उत्तर ठरलेलं, "येऊनच राहिला असन."

मला पाण्यात सोडा, असं मी तुम्हाला म्हणत नाही. या वॉर्निशमुळे ते आता व्हायचं नाही. पण तुमचं हैदराबादकडे जाणं झालं, तर जिथे जिथे बांधकाम चालू दिसेल तिथे थांबा आणि एकोडीचा मोतीलाल कोण, असं विचारा. भेटला तर आईला फोन करायला सांगा. देवाच्या भरवशावर राहू नका. त्याचा घोडा इथे कपाटात आहे, तो अजून निघालेलाच नाही.