बुटाची डुगडुग

शर्त लागली ती चहाच्या कपावरून. भैय्याजीच्या भांड्यांच्या दुकानात काचेचं काउंटर आहे. दुर्गेशनं त्याच्यावर बूट ठेवला अन् बुटाच्या नाकाला टिचकी मारली. बूट पाळण्यासारखा पुढे-मागे डुलायला लागला, लेकाचा थांबेचना.

"पाहा," दुर्गेश म्हणाला, "पात्याले पोट सुटलं. तुमच्यासारखंच."

इतवारीत, भांडेओळीत, दुर्गेशचं धारेचं दुकान भैय्याजीच्या बरोबर समोर. दुकान कसलं, भिंतीतली फट. तीस वर्षं झाली, शिंप्यांच्या कैच्या, न्हाव्यांचे वस्तरे, खानावळीतल्या सुऱ्या, सगळ्यांना तिथूनच धार. दुसरा धंदा लोकांची फिरकी घेण्याचा. एकदा त्यानं भैय्याजीच्या पातेल्यांच्या उतरंडीत जिवंत बेडूक सोडला होता, तो अजून निघतो कधीकधी बोलण्यात. धारेच्या धंद्यात मात्र पोट म्हणजे रोग. पोट आलेली कैची कापड कापत नाही, चावते. त्यामुळे पातं मधून फुगलेलं दिसलं की दुर्गेशचा हात शिवशिवायचा.

हा बूट बर्फावरच्या हॉकीचा. काळा, घोट्याच्या वरपर्यंत, अन् तळाला चाकांऐवजी उभं स्टीलचं पातं. मागच्या गल्लीतल्या धम्मदीपची पोरगी माया, सतरा वर्षांची, सहा वर्षांपासून चाकांवरची हॉकी खेळायची. यंदा तिला बर्फावरच्या राज्याच्या टीमच्या निवडीसाठी देहरादूनला बोलावणं आलं होतं. वयाच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. बूट तिच्या कोचनं लेहमधल्या एका जवानाकडून जुने मिळवले होते. मर्दानी आठ नंबर. माया दोन-दोन मोजे चढवून घालायची. नागपुरात बर्फ फक्त रसवंतीवाल्याकडे, त्यामुळे बूट चालवून पाहायची सोय नव्हती. जे काय समजणार ते तिकडेच.

सकाळी धम्मदीप पिशवी टाकून गेला. त्याला कोराडीच्या बसची घाई, प्लांटवर ठेकेदाराकडे कामाला होता तो. मायानं सांगितलेलं त्यानं पाठ करून आणलं होतं. धार लावा, प्रोफाइल पाहून घ्या, पिशवीत फर्मा आहे.

"फाइल माराले सांगतलं ना?" दुर्गेश म्हणाला. "मारतो ना. चांगली मारतो."

फाइल म्हणजे त्याच्या हातातली कानस. सगळे हसले. धम्मदीपही हसला, बस सुटेल म्हणून पळाला. प्रोफाइल म्हणजे काय ते ना त्याला माहीत होतं, ना दुर्गेशला. विचारायला दोघांकडेही वेळ नव्हता.

भैय्याजीला मात्र शंका आली. तो म्हणाला की हे पोट कंपनीनंच ठेवलं असणार, कंपनी काय येडी आहे का. दुर्गेश म्हणाला, येडी नाही, पण जवानानं घासून-घासून वाकडं केलं. मग आवाज चढले, शेजारची इंदूबाई डब्यांना कल्हई लावायचं सोडून बघायला आली, अन् दुर्गेशनं शर्त फेकली. बुटाची डुगडुग अशी काढतो की आत चहानं भरलेला कप ठेवायचा, नाकाला टिचकी मारायची, अन् थेंब सांडता कामा नये. हरणाऱ्यानं काय करायचं? तर माया परत आली की हेच बूट पायात घालायचे, डोक्यावर पातेलं घ्यायचं अन् भर दुपारी काउंटरपासून ओळीच्या टोकाच्या पिंपळापर्यंत चालत जाऊन परत यायचं. अख्ख्या ओळीसमोर.

"मंजूर," भैय्याजी म्हणाला. "पातेलं मी देतो. मोठं."

दुर्गेश कामाला बसला. स्टूल हलत होतं, फरशी उंचसखल. त्यानं पिशवीत हात घातला, प्लास्टिकची एक पट्टी हाताला लागली. एका बाजूनं हलकी कोर कापलेली, वर काहीतरी इंग्रजीत छापलेलं. बुटाच्या खोक्यातला पुठ्ठ्यासारखा काही प्रकार असेल म्हणून त्यानं ती स्टुलाच्या पायाखाली सरकवली. स्टूल एकदम गप्प.

पहिले पोट काढलं. सपाट घासलेल्या लादीवर शेंदूर लावायचा, पातं घासायचं, शेंदूर जिथे लागेल तिथलं लोखंड कानशीनं खायचं, पुन्हा घासायचं. दीड तास लागला एकेका बुटाला. स्टीलचा बारीक काळा भुगा मांडीवर पडत राहिला. शेवटी शेंदूर नाकापासून टाचेपर्यंत एका रेघेत उमटला. कैची असती तर शिंप्यानं पाया पडावं असं काम. मग त्यानं छोटा दगड गोल करून पात्याच्या मधून लांब नाली पाडली. ते त्याला मोबाइलवर पाहून माहीत होतं, नालीच्या दोन्ही काठांना धार असते. दोन्ही काठांवर आडवं नाणं ठेवलं, काटकोन पाहायला गुण्या लावला. नाणं बिलकूल तिरपं नाही. एक केस इकडे-तिकडे नाही.

कप ठेवला, काठोकाठ. भैय्याजीनं टिचकी मारली. मग बुक्की मारली. चहावर नुसती सुरकुती आली अन् गेली. इंदूबाईनं टाळी वाजवली. भैय्याजी तोंड पाडून म्हणाला की ठीक आहे, पोरगी येऊ दे.

संध्याकाळी धम्मदीप बूट घेऊन गेला. तासाभरात मायाचा फोन आला. मागे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज, तिची आई काहीतरी डब्यात भरून राहिली होती. माया म्हणाली की पिशवीत फर्मा नाही.

"असू द्या, तिकडं कोचजवळ दुसरा आहे. पण काका, तुम्ही लावून पाह्यला ना? मधून उजेड नाही ना दिसत?"

कोणता फर्मा, कसला उजेड, दुर्गेशला काही आठवेना. समोर भैय्याजी, इंदूबाई, चार गिऱ्हाइकं कान देऊन उभी. जिंकलेला माणूस अशा वेळी अडखळत नसतो. त्यानं भैय्याजीला डोळा मारला.

"लावला ना वं. टंच बसला. हवासुद्धा जाणार नाही."

"मग ठीक," माया म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला.

सहाव्या दिवशी धम्मदीप मायाला तिच्या आईजवळ दवाखान्यात ठेवून देहरादूनहून परतला, तसाच दुकानात आला. डोळे सुजलेले, खांद्याला तीच पिशवी. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. गोलच्या मागून वळण घ्यायचं होतं. मायानं अंग झुकवलं, पण बूट वळलाच नाही. सरळ गेला. ती सरळ मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर आदळली. गुडघ्याखाली दोन ठिकाणी हाड मोडलं. तिकडेच सळई टाकली. डॉक्टर म्हणाला, वर्षभर बूट विसरा. अन् वर्षानं ती गटाच्या बाहेर.

"धार तं मस्त होती म्हणे, भाऊ," धम्मदीप म्हणाला. "पोरीचाच अंदाज चुकला असन. काही बोलतच नाही ती."

  दुर्गेश म्हणाला, बूट राहू दे, पाहतो. धम्मदीप गेला अन् तो स्टुलावर बसला. स्टूल हललं नाही.  तो खाली वाकला, स्टुलाच्या पायाखालची पट्टी ओढून काढली.

पट्टीवरची धूळ पुसली. हाच तो फर्मा. कापलेली कोर पात्यावर टेकवून उजेडाकडे धरली. कोरेची दोन्ही टोकं पात्याला टेकली, अन् मधून उजेड. थोडाथोडका नाही, आगकाडी आरपार गेली. एवढं पोट होतं त्या पात्याला, प्रोफाइल म्हणत होते ते हेच. त्याच पोटावर पोरगी वळणार होती. ते सगळं त्यानं मांडीवरून झटकून, झाडून, रस्त्याच्या नालीत टाकलं होतं. लोखंड खाता येतं, परत लावता येत नाही. हे इतवारीत त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

फर्मा कोणी पाहिला नव्हता. चुलीत टाकला असता तर विषय संपला असता. दुर्गेशनं तो खिशात ठेवला. का ठेवला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

माया पंधरा दिवसांनी आली. दुपारी घरात तिला गुदमरायचं म्हणून धम्मदीप तिला पिंपळाखाली खुर्चीत आणून बसवायचा, पाय दुसऱ्या खुर्चीवर. ओळीतल्या कोणाला शर्तीचा विषय काढायची हिंमत नव्हती. भैय्याजीनंच काढला. तो सरळ माणूस. पोरीला जरा हसू येईल म्हणून तो पातेलं घेऊन उभा राहिला अन् बूट मागायला लागला.

"तुम्ही नाही," दुर्गेश म्हणाला. "मी हारलो."

"काहून? थेंब तरी सांडला होता का?"

"सांडला, भैय्याजी. देहरादूनले सांडला."

त्यानं खिशातून फर्मा काढून काउंटरवर ठेवला. कुठे सापडला ते सांगितलं, फोनवर काय बोलला तेही. इंदूबाईनं कपाळाला हात लावला. बाकीच्यांना वाटलं, याची नवीन फिरकी असेल.

त्यानं बूट चढवले, नाड्या आवळल्या, पातेलं डोक्यावर घेतलं. सिमेंटच्या रस्त्यावर पात्यांचा आवाज दातात शिरत होता. पण चालता येत होतं. पातं इतकं सरळ की माणूस ओट्यावर उभा राहावा तसा तो उभा राहत होता. हातगाड्या थांबल्या, टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला, गच्चीवरून शिट्ट्या आल्या. लोक पोट धरून हसत होते. दुर्गेश म्हटल्यावर हसायचंच, ही त्यांची तीस वर्षांची सवय.

पिंपळापाशी धम्मदीप खुर्चीमागे उभा होता. फर्म्याची गोष्ट त्याच्यापर्यंत दुर्गेशच्या आधी पोचली होती. तो दुर्गेशकडे बघत नव्हता, मायाच्या बांधलेल्या पायाकडे बघत होता. माया मात्र बुटांकडेच बघत होती.

"मले पहिल्याच चकरेत समजलं होतं, काका," ती म्हणाली. "पण दुसरा जोड नव्हता. अन् तुम्ही म्हटलं होतं, टंच बसला."

दुर्गेशनं मान हलवली. पातेलं वाजलं, कोणीतरी पुन्हा हसलं. शर्तीप्रमाणे आता परत जायचं होतं. त्यानं वळायला पाय उचलला.

"पाय उचलू नका," माया म्हणाली. "बर्फावर उचलाले टाइम नसते. तसेच वळा."

त्यानं पाय खाली ठेवला. तिनं झुकवलं असेल तसं अंग डावीकडे झुकवलं. गुडघा वळला, कंबर वळली, खांदा वळला. पातं नाकापासून टाचेपर्यंत रस्त्याला धरून बसलं होतं, जसं त्यानं बसवलं होतं, एका रेघेत. त्यानं आणखी जोर लावला. घोट्यात काहीतरी कुरकुरलं अन् तो आडवा पडला. पातेलं गडगडत नालीपर्यंत गेलं.

सगळी भांडेओळ हसली. भैय्याजी हसला नाही, पातेलं आणायला गेला.

दुर्गेश हातावर टेकून उठला. माया वाट बघत होती.

"पुन्हा," ती म्हणाली.