जोडीतला एक

"आई, ओरडू नका. कागदच तर लावलाय."

"माझ्या दाराला. मला न विचारता."

माझ्या सुनेने, चिझुरूने, दुकानाच्या दारावर परदेशी प्रवाशांसाठी एक धडाच चिकटवला होता. पाठीवरची पिशवी आत येताना पोटाशी घ्यावी. वस्तूला हात लावण्यापूर्वी 'सावात्ते मो ई देस का?' असे विचारावे. हवी असल्यास 'कोरे ओ कुदासाई' म्हणावे. पैसे हातात न देता तबकात ठेवावेत. जी शिस्त आम्हांला बोलता येण्याआधी लागली, ती आता दारावर टांगून वाटायची!

"वाचून तरी नीट वागतील," चिझुरू म्हणाली. "एरवी तुम्ही नुसत्या डोळ्यांनी हाकलता त्यांना. आणि मी म्हणते, सुटे वाडगे विकू या की. जोडी कोण घेतंय हल्ली?"

क्योतोतल्या गोजोझाकाच्या चढावर आम्हां मुराओकांचे हे दुकान आहे. येथे भाताचे वाडगे जोडीनेच विकले जातात. मोठा नवऱ्याचा, छोटा बायकोचा. एकोणचाळीस वर्षे मी या गादीवर बसले आणि एकही जोडी फुटू दिली नाही.

"नीट ऐक. जोडीतला एक वाडगा जरी या उंबऱ्याबाहेर एकटा गेला, तर त्या दिवशी मी गादीवरून उठेन. तोवर तोंड बंद."

"बघा हं, शब्द दिलाय."

"मुराओकांचा शब्द आहे. तुझ्या माहेरचा नव्हे."

दुपारी साठीची एक परदेशी बाई आत आली. पिशवी पोटाशी होती. मी तिची चूक शोधत बसले. तिने हात लावण्याची परवानगी मागितली, गुडघे टेकले आणि वाडगा दोन्ही हातांनी चटईलगत धरून पाहिला. चूक सापडेना, तसतसा माझा संताप वाढत गेला.

मग तिने फक्त मोठा वाडगा पुढे केला. "कोरे ओ कुदासाई."

मी छोटा त्याच्याशेजारी सरकवला. "दोन्ही. एकटा मिळत नाही."

तिने एक बोट वर केले. मी दोन केली.

"द्या ना हो, आई!" चिझुरू मागून कुजबुजली.

"तू मध्ये बोलू नकोस."

बाईने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि पूर्ण जोडीचे पैसे तबकात ठेवले. मी जिंकले होते. दोन्ही वाडगे वेगवेगळ्या कागदांत बांधून, रीतीप्रमाणे दारापर्यंत जाऊन, मी पिशवी तिच्या हाती दिली. तिने उंबऱ्यावरच पिशवीतून छोटे पुडके काढले, दाराशेजारच्या बाकावर ठेवले आणि ती चालू लागली.

"अहो, विसरली ती! थांबा, मी जाते," चिझुरू म्हणाली.

"गिऱ्हाइकाची वस्तू गादीवरच्या माणसानेच पोचवायची असते."

त्या उतारावर मी किती वर्षांनी धावले, कोण जाणे. तिला गाठून मी पुडके दोन्ही हातांनी पुढे धरले. तिने त्यावर तळवा ठेवला आणि ते हलकेच माझ्याकडे परत लोटले.

"केक्को देस."

नको, पुरे. उच्चार स्वच्छ, आवाज शांत. इतक्या अचूकपणे मला आजवर कोणी झिडकारले नव्हते.

आमच्याकडे गिऱ्हाईक वळणाआड होईपर्यंत दुकानदार वाकून उभा राहतो आणि गिऱ्हाईक वळणावर थांबून एकदा मागे पाहते. मी भर रस्त्यात वाकले. कंबर दुखू लागली तेव्हा मान किंचित उचलून पाहिले. ती न थांबता वळून गेली.

दुकानात परतले तर चिझुरू गादीशेजारी उभी होती.

"बसा, आई. पैसे दोन्हींचे आलेत. जोडीच विकली गेली म्हणायची. कोणाला कळणारे?"

"एक गेला. एक माझ्या हातात आहे. तू बस."

"अहो, सकाळचं ते मी रागात—"

"बस म्हटलं ना! पाठ ताठ. टेकायचं नसतं."

ती बसली. मी वर घरात जाणाऱ्या जिन्याशी थांबले.

"आणि तो तुझा कागद अपुरा आहे. खाली लिही, वळणावर एकदा मागे पाहावे."

"त्यांना काय कळणार त्यातलं?"

मी पुडके घेऊन वर निघाले. जिना चढताना मला कठडा धरावा लागतो. त्या दिवशी माझे दोन्ही हात गुंतलेले होते.