पारड्यातलं पीस

पंढरीचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि जागेची मोजणी सोमवारवर आल्यापासून तर स्वतःच्या सावलीवरही नव्हता. शिरवणे गावाची भातशेती सरकारनं कधीच घेतली होती. उरली होती ती घरं आणि घरामागचे परस. सोमवारी साहेब येणार आणि जे दिसेल ते कागदावर चढवणार. जे दिसणार होतं त्यात मात्र पंढरीनं थोडी हातचलाखी केली होती. मागच्या महिन्यात सगळं गाव एका हळदीला जमलेलं असताना, भरदुपारी, त्यानं हद्दीचा दगड तीन हात सरकवला होता. सरकवला तो थोरल्या भावाच्या विधवेच्या, यशोदाबाईच्या परसात. मोजणीपर्यंत तो कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून वर लाकडं रचून ठेवली. एकट्या बाईला एवढी जागा हवी कशाला, असं त्यानं स्वतःला इतक्यांदा समजावलं होतं, की आता ते त्याला खरंही वाटायला लागलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं भाडेकरूच्या खिडकीतून आत डोकावलं. डोकावणं हा त्याला घरमालकाचा हक्कच वाटे. भाडेकरू किसनमास्तर मराठवाड्याचा, शाळेत इतिहास शिकवायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. असला माणूस पंढरीला जास्तच खटकायचा. मास्तर जमिनीवर मोठा कागद पसरून चित्र रंगवत होता. चित्रात एकाच्या हातात उंच काठी होती. शेतं मोजायला आलेल्यांच्या हातातही अशाच उंच काठ्या होत्या. शेजारी पक्ष्याच्या तोंडाचा एकजण बोरूनं काहीतरी लिहून घेत होता. कोल्ह्याच्या तोंडाचा तिसरा तराजू बघत होता. काठीवाला, लिहिणारा, मापणारा. ही तर अख्खी मोजणीची टोळी.

तो तसाच आत शिरला. "ह्यो काय प्रकार हाय, मास्तर?"

"इजिप्तचे जुने देव आहेत, पंढरीदादा. सोमवारी वर्गात तक्ता लावायचाय."

सोमवारी! पंढरीनं कान टवकारले. "आन ती काठी कशाला?"

"काठी म्हणजे सत्ता. ही वर फास असलेली फुली आहे ना, ती जीवन." मास्तर रंगात आला. "आणि हे पीस म्हणजे सत्य. माणूस मेला की त्याचं काळीज एका पारड्यात ठेवायचं, पीस दुसऱ्यात. आयुष्यात लबाडी केली असेल तर काळीज जड भरतं. मग हे मगरीच्या तोंडाचं जनावर ते खाऊन टाकतं."

"कसली लबाडी?"

"त्यांच्याकडे यादीच होती. चोरी, खोटं बोलणं, दुसऱ्याच्या जमिनीत घुसणं."

जमिनीचं नाव मास्तरनं मुद्दामच घेतलं, याबद्दल पंढरीला शंकाच उरली नाही. यशोदाबाई मास्तरला अधूनमधून सुकटाची चटणी आणून देते, ती काय उगाच?

"वैनीनी सांगला ना तुला?" तो उसळून म्हणाला. "दगड मी सरकवला ता तिनीच सांगला. सायबाला दावाला चित्र काढतंस?"

मास्तर हातात ब्रश धरून बघतच राहिला. "कसला दगड, दादा?"

त्याला काहीही माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं, पण पंढरीला दिसलं ते बोलून झाल्यावर. मास्तर आता त्याच्याकडे बघतही नव्हता, दाराकडे बघत होता. दारात यशोदाबाई उभी होती, हातात चटणीची वाटी घेऊन.

ती ओरडली असती तर पंढरीला बरं वाटलं असतं. भांडणात तो कुणाला हार जात नसे.

"मना वाटला," ती हळूच म्हणाली, "भावजीनी पावसाला माज्यासाटी लाकडा रचून ठेवली. म्हनून मी हात नाय लावला."

तिनं वाटी खिडकीत ठेवली आणि ती मागच्या परसाकडे वळली. पंढरीला तिच्या मागे जायचं होतं, पण लाजेनं तो उंबऱ्याच्या पुढे गेला नाही. तिथंच बसून राहिला. थोड्या वेळानं परसातून एकेक लाकूड बाजूला पडल्याचा आवाज येऊ लागला.