दबलेला आवाज

हॉटेलात गिटार वाजवणारा माणूस आपला जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेऊन पुन्हा दुरुस्तीच्या दुकानात आला, तेव्हा मामा जेवायला गेला होता. दुकानात भाची एकटीच होती.

"आवाज कानात सुईसारखा घुसतोय," तो म्हणाला. "आधी असा नव्हता. आतलं काही काढून घेतलंत का?"

तिला राग आला, पण मागची फळी उघडल्यावर तो विरला. व्हॉल्व्ह जागच्या जागी होते. तीक्ष्ण सुरांची धार बोथट करणारा जुना कपॅसिटर मात्र गायब होता आणि तिथे चिमुकला नवा सोल्डरनं डाखलेला होता. डाख मामाचाच होता. इतका गोल, चकचकीत थेंब दुसऱ्या कुणाला जमत नसे.

जुन्या, मूळच्या सुट्या भागांवर शौकीन लोक टपलेले असतात, हे तिला ठाऊक होतं. पण मामा? तिला हे काम शिकवलं त्यानंच. तरी संशय काही केल्या जाईना. तो फोन घेऊन बाहेर गेला तरी तिचं कामातलं लक्ष उडायचं. शेवटी दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या एका अ‍ॅम्पच्या कपॅसिटरला तिनं नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि मुद्दाम बाहेर चक्कर मारून आली. परत येऊन पाहते तर ठिपकेवाला कपॅसिटर तिथे नव्हता.

"मामा, जुने भाग कुणाला देतोस?"

"काय म्हणालीस?"

"जुने भाग."

त्यानं खण ओढला. काढलेले सगळे कपॅसिटर एका डब्यात कापसावर ठेवलेले होते.

"हा ठिपका कशाला लावलास?"

"ओळखायला."

"मला की कपॅसिटरला?"

तिनं तो कपॅसिटर उचलून नखानं ठिपका खरवडला.

"हे जुने झाले की आवाज दबतो," मामा म्हणाला. "हल्ली येणारे सगळेच अ‍ॅम्प दबलेले असतात. म्हणून बदलतो. आता ऐक."

त्यानं टेबलावरचा अ‍ॅम्प चालू केला. आतून दात शिवशिवतील अशी बारीक शिट्टी निघाली. तिनं कानांवर हात ठेवले. मामा स्पीकरला कान लावून शांत बसला होता.

"कसा मोकळा झालाय बघ," म्हणत त्यानं वर पाहिलं. तिनं हात खाली घेतले, पण उशीर झाला होता.

"काय वाजतंय?"

"शिट्टी."

"मोठी?"

"मोठी आहे, मामा."

त्यानं बटण बंद केलं आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसत बसला.

"तुझ्या आईला एवढ्यात सांगू नकोस. टीव्ही मोठा लावतो म्हणून ती आधीच बोलते."

"कानाच्या डॉक्टरकडे मी येते तुझ्याबरोबर."

"बरं," तो म्हणाला.

गिटारवाल्याचा कपॅसिटर मामानं परत डाखला. ऐकून तपासला तिनं. गिटारवाल्यानं वाजवून पाहिलं, मान डोलावली. तरी जाण्याआधी मागची फळी स्वतः उघडून त्यानं आत नीट निरखलं, मामाकडेही एकदा पाहिलं, आणि मगच अ‍ॅम्प उचलला.