भिवाचं पाणी

"हे म्हातारे काढा आधी," काचेच्या टाकीकडे बोट दाखवत मॅनेजर रविराज साहेब म्हणाले. "मंडळाच्या मॅडम अकराला येणार. त्यांना हे असले मासे दाखवायचे?"

मासे खरंच दिसायला गेलेले होते. तिघांपैकी एकाचा लाल रंग उडून पार पांढरा झाला होता. पण भिवाला त्यांचंच कौतुक. कुरुळीजवळच्या या कारखान्यात गाड्यांच्या भागांना क्रोमचा मुलामा देत, आणि त्यातून निघणारं पिवळं विषारी पाणी भिवा बावीस वर्षं साफ करत होता. पावडर टाकून पिवळ्याचं हिरवं करायचं, मग चुना घालायचा, मग गाळ बसेपर्यंत थांबायचं. शेवटी निघणारं नितळ पाणी या टाकीतून जाई. त्यात मासे जगले म्हणजे पाणी साफ. भिवाचे सहा वर्षं जगले होते.

साहेबांनी टाकी घासून चकचकीत करवली, नळाच्या पाण्याने भरली आणि चिंचवडच्या दुकानातून आणलेले सात केशरी मासे सोडले.

"साहेब, कालच वरच्या टाकीत ब्लीचिंग टाकलंय," भिवा म्हणाला. "नळाच्या पाण्यात मासं टिकायचं न्हाईत."

"भिवाभाऊ, पिण्याचं पाणी आहे ते. माणसं पितात."

भिवाने आपल्या पाइपचं पाणी बादलीत घेतलं, त्यात तिन्ही म्हातारे सोडले आणि बादली सावलीत नेऊन ठेवली.

प्रदूषण मंडळाच्या मिनल मॅडम नमुन्याच्या बाटल्या घेऊन आल्या, तेव्हा चार केशरी मासे पोट वर करून तरंगत होते. उरलेले धापा टाकत होते.

"हे काय?"

नळाचं पाणी म्हणावं तर लबाडी उघडी पडणार. साहेबांनी घसा खाकरला. "ऑपरेटरचा डोस चुकला असेल मॅडम. मेमो देतो मी त्यांना."

भिवाला कोणी तोंडात मारावी तसं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. साहेबांनी त्याला बाजूला घेतलं.

"नुसती सही करायची. आठ महिने राहिलेत तुमचे रिटायर व्हायला. कोणी घरी पाठवत नाही."

तेही खरंच होतं. आठ महिने मान खाली घातली की सुटला. खरं बोललं तर साहेबांची खुर्ची हलणार नव्हती, हलणार होता तो भिवाच. पण बावीस वर्षांत त्याने बादलीभर कच्चं पाणी ओढ्यात जाऊ दिलं नव्हतं, आणि आता कागदावर लिहून द्यायचं की मासे त्याच्या पाण्याने मेले? त्याला रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला. तो सरळ मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, ह्या टाकीतलं पाणी नळाचं हाय. माझं पाणी त्या पाइपात हाय. बाटली तिथं भरा."

मिनल मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मोबाइल काढला. मॅडमनी पाइपाखाली बाटल्या भरल्या, सील केल्या.

"आधी मासे नव्हते का?"

भिवाने बादली आणली.

"हा असा पांढरा का?"

"आला तवा लाल होता. म्हातारपण, दुसरं काय."

मॅडम हसल्या. जाताना त्यांनी शेऱ्यात लिहिलं, की टाकीतलं पाणी प्रक्रियेचं नाही, कंपनीने खुलासा करावा.

खुलासा साहेबांनी केला. भिवाला संध्याकाळी पत्र मिळालं, उद्यापासून पॅकिंगला. त्याने पत्राची घडी खिशात घातली आणि प्लँटच्या किल्ल्या त्याच्या जागी आलेल्या सनीच्या हातात दिल्या.

"गडबड करू नको," तो म्हणाला. "हिरवं झाल्याबिगर चुना घालायचा न्हाई."

पुढे वीस-बावीस दिवसांनी पॅकिंगची मंडळी जेवायला निघाली, तेव्हा रिसेप्शनच्या भिंतीवर नवी चौकट लागलेली होती. आत मॅडमनी त्या दिवशी भरून नेलेल्या पाण्याचा, मंडळाच्या प्रयोगशाळेचा अहवाल. खाली मॅनेजर म्हणून रविराज साहेबांचं नाव. भिवाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला आणि वरून एकेक ओळ वाचत खाली आला. विषारी क्रोमियम : आढळले नाही.

"भिवाभाऊ, चला की. भाजी संपंल."

"व्हा पुढं," भिवा म्हणाला, आणि ती ओळ त्याने पुन्हा वाचली.