पाण्यात सोडलेलं पाऊल

ओहोटीच्या उथळ पाण्यात आत्या बसली होती. कुबडी वाळूत रोवलेली, पट्टी सोडलेली, आणि डाव्या पायाचा खुंट खाऱ्या पाण्यात.

"आत्या! अगं, जखम ओली आहे!" तेपाएरू किनाऱ्यावरूनच ओरडली.

"हळू गं नर्सबाई. तुझ्या आवाजानं मासे पळाले."

आत्याच्या मांडीवर रोरी होती. काळी, मऊ, काकडीसारखा समुद्रातला जीव. आत्यानं तिचं पोट चिरलं, आतलं पिवळं वाटीत काढलं, लिंबू पिळून खायला, आणि रिकामी रोरी अलगद पाण्यात सोडली. बेटावरच्या बायका असंच करतात. पाण्यात गेली की रोरी आतून पुन्हा भरते. उन्हात राहिली, तर मेली.

"मला मात्र तुम्ही कोरडीच ठेवलीत," आत्या कुरकुरली. "कोरड्यात पाऊल कसं येणार? शिकलीस गं, पण एवढंही सुचलं नाही!"

तेपाएरूला ऑपरेशनचा दिवस आठवला.

साखरेच्या आजारानं काळं पडलेलं पाऊल आत्या कापू देईना. परदेशी डॉक्टर म्हणाला, कापल्यावर जखमेत नवं मांस भरेल, सांग तिला. तेपाएरूनं बेटाच्या भाषेत सांगितलं, "तुपु होईल." रोप वाढतं ते तुपु, लेकरू वाढतं ते तुपु, रोरी भरते तेही तुपुच. आत्याचा चेहरा उजळला. ती काय समजली, ते तेपाएरूला तिथेच कळलं होतं. पण आत्या 'हो' म्हणाली होती. तेपाएरूनं मान खाली घातली आणि स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीत ढकललं.

आता ती कपड्यांसकट पाण्यात शिरली, आत्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"आत्या, पाऊल येणार नाही."

"तूच म्हणालीस, तुपु."

"जखम तेवढी भरेल. तू चुकीचं समजलीस, आणि मी समजू दिलं. तू मरशील, अशी भीती वाटली मला."

आत्या पाण्याकडे बघत राहिली. नुकती सोडलेली रोरी तळाच्या वाळूवर निपचित पडली होती.

"तेव्हा काय म्हणायला हवं होतंस? ते आत्ता म्हण."

"पाऊल जाईल, आत्या. तू राहशील."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे मी ऐकलं असतं गं," आत्या म्हणाली.

मग तिनं खुंट पाण्याबाहेर काढला आणि भाचीचा हात न घेता कुबडीकडे हात लांबवला.